लेअर, ग्रोवर की चिक? लहान-मोठ्या कोंबड्या एकत्र असतील तर कोणतं पोतं घ्यावं

खाद्याच्या दुकानात गेलं की काउंटरवरून एकच प्रश्न येतो, "लेअरचं देऊ का बॉयलरचं?" ज्याच्या शेडमध्ये एकाच दिवशी जन्मलेली पाच हजार पिल्लं आहेत, त्याला हा प्रश्न बरोबर आहे. आमच्यासारख्या परसातल्या कोंबडीवाल्यांची पंचाईत होते. माझ्या खुराड्यात आज अंड्यावरच्या कोंबड्या आहेत, अजून अंड्यावर न आलेल्या तलंगा आहेत, दोन खुडूक आपापली पिल्लं घेऊन हिंडतायत, कोंबडे आहेत, आणि अंडी कधीच बंद केलेल्या तीन-चार म्हाताऱ्याही आहेत. त्या म्हाताऱ्यांना सासूबाई विकू देत नाहीत. एवढ्या गोतावळ्याला एकाच पोत्यातलं घालायचं तर कोणतं?

राजगुरुनगर आणि चाकणच्या दुकानांत मिळणारी बहुतेक सगळी पोती मी आजवर घालून बघितली आहेत. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. पोत्यावरचं छापील नाव तेच राहतं, आतला माल मात्र त्या त्या महिन्यात कसला मका मिळाला त्यावर फिरतो. तेव्हा इथे खाद्याच्या प्रकारांबद्दल लिहिते (चिक म्हणजे पिल्लांचं, ग्रोवर वाढत्या तलंगांचं, लेअर अंड्यावरच्यांचं, बॉयलर मांसाच्या कोंबड्यांचं), आणि थोडं दुकानाबद्दल. माझं मत आधीच सांगून टाकते: खुराड्यात सगळ्यात लहान कोण आहे ते बघून पोतं घ्यायचं आणि अंडी देणाऱ्यांसाठी शिंपला, म्हणजे कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा, वेगळ्या भांड्यात ठेवायचा. लेअरचं पोतं सरसकट सगळ्यांपुढे ओतायचं नाही, दुकानदार काहीही म्हणो.

लेअर मॅशपासूनच, म्हणजे भरड दळलेल्या लेअरपासूनच सुरुवात करते, कारण आमच्या भागात सगळ्यात जास्त खपतं ते हेच. 50 किलोचं पोतं, मी शेवटचं घेतलं तेव्हा साडेसतराशेच्या आसपास पडलं. पोतं उघडलं की मक्याचा गोडसर वास येतो, सोयाबीन पेंडीचे तपकिरी कण दिसतात आणि मूठ भरून बघितली तर बोटांना पांढरी भुकटी लागते. ती भुकटी म्हणजे चुनखडी. प्रथिनं 16 ते 18 टक्के. निव्वळ अंड्यावरच्या कोंबड्यांना हे घातलं की अंडी नियमित येतात आणि कवच असं टणक होतं की तव्याच्या कडेवर दोनदा आपटावं लागतं. त्यात खोट काढण्यासारखं काही नाही.

अडचण त्या पांढऱ्या भुकटीचीच आहे. लेअरमध्ये कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, चिक आणि ग्रोवरमध्ये साधारण एक टक्का. म्हणजे साडेतीन पट. हा हिशोब पिंजऱ्यातल्या कोंबडीचा आहे. ती दिवसाला 110 ग्रॅमच्या आसपास खाते, म्हणजे पोटात जवळजवळ चार ग्रॅम कॅल्शियम जातं. त्यातलं निम्मं अंगी लागतं, आणि एका अंड्याच्या कवचाला दोन ग्रॅमच्या आसपास लागतं. हिशोब चोख बसतो. पण जी अजून अंडंच देत नाही तिने या चुन्याचं करायचं काय? तिच्या मूत्रपिंडांना तो बाहेर टाकत बसावं लागतं, आणि वाढत्या वयात ती तेवढी तयार नसतात.

हे एकदा डोळ्यांनी बघितलं. माझ्या पुतण्याकडे हिवाळ्यात तलंगा एकेक करून बसायला लागल्या. मानमोडी (राणीखेत) म्हणावी तर मान वाकडी नाही, हिरवी हगवण नाही, लसही झालेली. नुसत्या सुकत गेल्या, छातीचं हाड हाताला टोचायला लागलं, मागची पिसं पांढऱ्या विष्ठेने चिकटलेली. एक मेलेली पिशवीत घालून सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी तिथेच टेबलावर उघडली. हृदयावर आणि कलेजीवर रांगोळी भुरभुरावी तसा पांढरा थर होता, चाकूच्या पात्याने खरवडला की निघत होता. मूत्रपिंडं सुजलेली, फिक्कट, आत पांढऱ्या रेघा. डॉक्टर म्हणाले, "गाऊट आहे. खायला काय घालता?" पुतण्या म्हणाला, "लेअर. सगळ्यांना तेच." "किती वयाच्या असल्यापासून?" "दोन-अडीच महिन्यांच्या असतील." गाऊट म्हणजे मूत्रपिंडं थकली की अंगातला युरिक आम्लाचा कचरा बाहेर न पडता आतल्या अवयवांवर पांढरा साचतो. पाणी कमी पडलं, खाद्यात मीठ जास्त झालं, काही विषाणू आले, तरी गाऊट होतो हेही डॉक्टरांनी सांगितलं. पण आधी पोतं बदला म्हणाले. पोतं बदललं. ज्या बसल्या होत्या त्या गेल्या, बाकीच्या सावरल्या.

हे एका रात्रीत होत नाही, म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही. आठवडेच्या आठवडे काही दिसत नाही. दुकानदार बिनधास्त सांगतो, "काकू, सगळे लेअरच नेतात, कुणाची मेली?" मरतातही, पण खाद्याने मेली असं कुणी म्हणत नाही. रोग आला म्हणतात, नाहीतर कुणाची तरी नजर लागली म्हणतात.

लेअरच्या पोत्यावर आणखी एक गोष्ट असते ती आपल्याला लागू पडत नाही, ते म्हणजे वय. 18 आठवड्यांनंतर लेअर चालू करा असं लिहिलेलं असतं. हा आकडा कंपन्यांच्या अंड्याच्या जातीचा आहे. आपली गावरान सहा-सात महिन्यांनी अंड्यावर येते, हिवाळ्यात दिवस लहान असेल तर आणखी रेंगाळते. त्यामुळे कॅलेंडर न बघता तलंग बघावी. तुरा आणि गालाखालच्या पाकळ्या वाढून लाल झाल्या, पाठीवर हात ठेवला की पंख पसरून दबून बसायला लागली, पेटीत डोकावून कुरकुर करायला लागली, की ती आता आठ-पंधरा दिवसांत अंड्यावर येणार. सासूबाई मागच्या दोन हाडांमध्ये बोटं लावून बघतात. एक बोट मावलं तर अजून वेळ आहे, दोन-तीन मावली तर घरटं तयार करा.

मग कोंबड्यांचं काय? मोठा कोंबडा लेअर खाऊन निभावतो, पण त्याला त्याची काही गरज नाही. म्हाताऱ्यांचंही तेच.

आता ग्रोवर. माझ्याकडे वर्षातले बरेच महिने हेच पोतं असतं. 16 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, एक टक्का कॅल्शियम, किंमत लेअरच्या आगेमागे. तक्रार एकच, ते दुकानात ठेवलेलं नसतं. परसातलं गिऱ्हाईक ग्रोवर मागत नाही आणि मोठे शेडवाले थेट गाडी मागवतात, त्यामुळे दुकानदाराला आधी सांगून ठेवावं लागतं. एकदा माझ्या आणि शेजारणीच्या मिळून दोन पोत्यांची ऑर्डर दिली, तेव्हापासून तो आणून ठेवतो. ज्यांना मिळत नसेल त्यांनी वाडीतल्या दोन-तीन घरांनी मिळून सांगावं, एका पोत्यासाठी कुणी हलत नाही.

ग्रोवर दोन रूपांत बघितलं. मॅशमध्ये कोंबड्या मक्याचे जाडे कण वेचून खातात आणि तळाला पिठूळ उरतं. खरी मोलाची चीज, म्हणजे जीवनसत्त्वं आणि क्षार, त्या पिठुळातच असतात. वर दांडग्या आधी येऊन मका उडवतात आणि तलंगांच्या वाट्याला भुसा. यावर उपाय म्हणजे दुपारचं खाणं पाणी शिंपडून, मुठीत धरलं तर लाडू वळेल आणि सोडलं तर फुटेल एवढंच ओलं करून द्यायचं. मग निवडता येत नाही. मात्र उन्हाळ्यात तास-दोन तासांत संपेल एवढंच भिजवायचं, उरलं तर आंबट वास येतो आणि हगवण लागते. पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या, आले तर मी पेलेटच घेते. प्रत्येक गोळीत सगळं सारखं, नासाडी कमी. लहान पिल्लांना मात्र पेलेट गिळत नाहीत, हे लक्षात ठेवा.

ग्रोवरवर अंडी कमी होतात का, हा प्रश्न मला सगळ्याजणी विचारतात. शिंपला ठेवला नाही तर होतात, आणि अंडी कमी होण्याआधी कवच पातळ होतं. कोंबडी पहिल्यांदा स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढून कवच करते, मग पायांनी अधू होते. शिंपला ठेवला तर माझ्याकडे तरी लेअर आणि ग्रोवरमध्ये अंड्यांचा फरक पडला नाही. आपली गावरान आड दिवसाने अंडं देणारी, पिंजऱ्यातल्या कोंबडीशी तिची बरोबरी करून उपयोग नाही.

या शिंपल्यावर मात्र सविस्तर लिहिते, कारण सगळी मदार त्याच्यावर आहे आणि दुकानात त्याच्या नावाखाली काहीही देतात. शिंपल्यांचा चुरा म्हणजे समुद्रातल्या शिंपल्या फोडून केलेले तुकडे, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या डाळीएवढे. त्यात 38 टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं. चांगला चुरा हातात घेतला तर कडा लागतात आणि एखाद्या तुकड्याची आतली बाजू चकाकते. पीठ झालेला घेऊ नका. अंड्याचं कवच मुख्यतः रात्री तयार होतं, तेव्हा कोंबडी झोपलेली असते. जाडा तुकडा पेट्यात, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात राहून रात्रभर हळूहळू विरघळतो आणि लागेल तसा पुरवठा होतो. पीठ संध्याकाळीच पुढे निघून जातं. शिवाय पिठाला कोंबड्या चोचही लावत नाहीत, पावसाळी हवेत त्याचा दगड होतो.

दुपार कलली की खुराड्याजवळ बसून बघा, गंमत आहे. मी जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात शिंपला ठेवते, पातेलं खिळ्याला अडकवलेलं, म्हणजे उकरून सांडता येत नाही. सकाळी त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. साडेचार-पाचला अंड्यावरच्या एकेक करून येतात, मान तिरकी करून एक डोळा लावतात, एखादा तुकडा उचलून टाकतात, दुसरा गिळतात. सात-आठ तुकडे झाले की निघून जातात. तलंगा त्यांचं बघून येतात, चोच मारतात, एखादा तुकडा तोंडात धरून पळतात, बाकीच्या मागे लागतात आणि तो तुकडा शेवटी मातीत पडतो. कोंबडे तर फिरकतच नाहीत. ज्याला जेवढं हवं तेवढंच ते घेतात, म्हणून ही पद्धत चालते. हिशोबच करायचा तर रोज अंडं देणाऱ्या कोंबडीला ग्रोवरसोबत सहा-सात ग्रॅम शिंपला पुरे, एका पोह्याच्या चमच्यापेक्षा जास्त नाही. किलोला फार पैसे पडत नाहीत. पाच किलो आणला तर आमच्याकडे कितीतरी दिवस जातो.

शिंपला नसेल तर घरातली अंड्याची टरफलं चालतात. तव्यावर कोरडी भाजून, हाताने चुरून द्यायची. अख्खी टाकली तर कोंबड्यांना अंडी फोडून खायची सवय लागते असं म्हणतात, त्यामुळे ओळखू येऊ नयेत इतपत चुरते. आणि वाळूचे खडे ही वेगळी गोष्ट. पेट्यात दाणे दळायला कोंबडीला न विरघळणारे बारीक खडे लागतात. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या ते स्वतः शोधतात. कोंडून ठेवलेल्यांना नदीची जाडी वाळू द्यावी लागते. एका दुकानदाराने मला "ग्रिट" म्हणून फरशीची खडी देऊ केली होती आणि वर शिंपल्याचा भाव सांगत होता.

चिक खाद्य, म्हणजे अंड्याच्या जातीच्या पिल्लांचं. 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, कॅल्शियम एकच टक्का, आणि क्रंबल रूपात, म्हणजे पेलेट फोडून केलेल्या बारीक चुऱ्यात मिळालं तर सोन्याहून पिवळं. किंमत सगळ्यात जास्त, माझ्या शेवटच्या पोत्याला दोन हजारांच्या वर गेली. पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत त्यांना ग्रोवर पुरत नाही. अंगावर मांस धरत नाहीत, पंख लोंबतात, पिसं उशिरा येतात. म्हणून पिल्लं कळपात मोकळी सोडलेली असतील तेव्हा मी सगळ्यांनाच चिक घालते. मोठ्यांना ते जरा श्रीमंती खाणं होतं, पण कुणाला अपाय नाही, आणि पिसं गाळणाऱ्या कोंबड्यांना उलट फायदाच. पीस म्हणजे जवळपास सगळं प्रथिनच. श्रावण-भाद्रपदात कोंबड्या उघड्याबोडक्या दिसायला लागल्या की चिकवर त्या लवकर भरतात.

खर्च वाचवायचा तर डालगं, म्हणजे बांबूची मोठी टोपली वापरा. डालगं उपडं घालायचं, चारी बाजूंना आडव्या विटा लावून जमिनीपासून चार बोटं उचलायचं, वर दगड ठेवायचा आणि आत चिकची परात सरकवायची. पिल्लं खालून आत जातात, मोठ्यांची फक्त मान जाते. मान जाईल तिथे परात नको, मधोमध ठेवा. खुडूक बाहेर उभी राहून दोन दिवस आरडाओरडा करते, मग तिला कळतं. पिल्लं वाढली की विटा उभ्या करायच्या. अशा रीतीने एक चिकचं पोतं पुरवून वापरता येतं आणि बाहेर सगळ्यांना ग्रोवर चालू राहतं. आमच्याकडे बुरूड नाही आता, डालगं चाकणच्या बाजारातून आणलं. प्लास्टिकची भाजीची क्रेट उलटी टाकली तरी चालते, फक्त भोकं मोठी नकोत.

पिल्लांना चिकऐवजी बॉयलर स्टार्टर, म्हणजे मांसाच्या जातीच्या पिल्लांचं खाद्य, घालणारे पुष्कळ आहेत, कारण ते कुठेही सुट्टं मिळतं. प्रथिनं 22 टक्क्यांपर्यंत, पिल्लं भराभर वाढतात. रक्ती हगवणीवरचं औषध त्यात मिसळलेलं असतं, त्यामुळे पावसाळ्यात पिल्लं वाचतात हेही खरं. पहिले काही आठवडे, फक्त पिल्लांना, एवढ्यापुरतं माझी हरकत नाही. सगळ्या कळपाला मात्र नको. त्यातली औषधं अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी धरलेली नसतात. काही खाद्यांत निकार्बाझिन नावाचं औषध असतं, त्याने तपकिरी अंडी पांढुरकी पडतात आणि अंड्यातून पिल्लंही कमी निघतात. गावरान म्हणून विकायला ठेवलेली अंडी पांढरी निघाली तर गिऱ्हाईक तोंडावर सांगून जातं. चिकच्या पोत्यातही कधी औषध घातलेलं असतं, म्हणून मोठ्यांना घालण्याआधी लेबल वाचा, औषधाशिवायचं मागा. बॉयलर फिनिशर, म्हणजे त्याच कोंबड्यांचं विकण्याआधीचं खाद्य, तर विचारूच नका, तलंगांच्या पोटात चरबी धरते आणि अंड्यावर आल्या की अंडं अडतं.

ज्यांच्या शेतात धनगर मेंढरं-घोडी घेऊन वाडा बसवतात त्यांच्यासाठी एक सूचना. रक्ती हगवणीच्या औषधांपैकी मोनेन्सिन घोड्याला अगदी थोडं गेलं तरी जीवघेणं असतं. पोत्यावर ते नाव असेल तर पोतं घोड्याच्या तोंडापासून लांब ठेवा.

आता घरच्या भरड्याकडे वळू. आमच्या गावात निम्म्या घरांत कोंबड्या अजून मका, कणी आणि उष्टं-खरकटं यावरच जगतात, आणि जगतातही. मोकळी फिरणारी कोंबडी किडे, वाळवी, कोवळं गवत खाऊन अर्धं पोट भरते, तिला विकतचं निम्मं पुरतं. पण मक्यात प्रथिनं नऊच टक्के, तांदळाच्या कणीत त्याहून कमी. त्याच्यावर पिल्लं वाढत नाहीत. सोयाबीनची पेंड 45 टक्क्यांची, त्यामुळे चार भाग मका आणि एक भाग पेंड केली तर 16 टक्क्यांच्या आसपास जाऊन पोचतं. कागदावर हे ग्रोवर झालं. जीवनसत्त्वं आणि क्षार मात्र त्यात नसतात, ते कोंबड्यांचं मिश्रण विकत आणून मोजून घालावं लागतं. गाईम्हशींची क्षाराची पावडर घालू नका, तिचा हिशोब वेगळा. एवढं सगळं आणून, दळून, मिसळून पोत्यामागे जे शे-दोनशे वाचतात ते मला तरी परवडत नाही. शंभराच्या वर कोंबड्या असतील त्यांचं गणित निराळं.

यात दोन गोष्टींवर माझं मत ठाम आहे. आपल्याकडे घरोघरी सोयाबीन पिकतं, म्हणून कच्चं सोयाबीन भरडून कोंबड्यांना घालतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, भाजल्याशिवाय ते कोंबडीच्या कामाचं नाही. तेलगिरणीची पेंड भाजलेली असते, म्हणून ती चालते. दुसरं, बुरशी आलेला मका आणि शेंगदाण्याची काळपट पेंड. माणसाला नको ते कोंबडीला, असा हिशोब करतात लोक. त्या बुरशीचं ॲफ्लाटॉक्सिन कोंबडीचं यकृत खातं, आणि पिल्लांना सगळ्यात आधी. धुऊन, वाळवून, भाजून ते जात नाही.

अख्खे दाणे मी देते, पण संध्याकाळी, कोंडायच्या आधी, मूठ-दोन मुठी, सगळ्यांना हाक मारून. दिवसभराच्या खाण्यात त्याचा वाटा दहावा असावा, त्यापुढे गेलं की पोत्यातल्या खाद्याची ताकद पातळ होते. सुकट घालायची तर बिनमिठाची. खारवलेली घातली की पाणी पीत सुटतात आणि खुराड्यात नुसता चिखल.

दुकानाबद्दल. माझं नेहमीचं दुकान तालुक्याच्या ठिकाणी, बाजारपेठेच्या बाहेर आहे. माणूस बोलायला फटकळ, पण पोती फळ्यांवर ठेवतो, भिंतीला टेकवत नाही, आणि मागितलं तर आतलं ताजं पोतं काढून देतो. यासाठी मी रिक्षाचे पैसे देऊन तिथे जाते. जवळच्या दुसऱ्या दुकानात पंधरा रुपये स्वस्त मिळतं, पण तिथे पत्र्यातून गळतं. आषाढात तिथून आणलेल्या पोत्याचा तळ गोळा झालेला निघाला, फोडला तर आत हिरवट बुरशी. परत न्यायला गेले तर, "उघडलेलं पोतं घेत नाही." न उघडता बुरशी दिसणार कशी, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून दुकानात उभ्या उभ्या बघते. पोत्याची शिवण कारखान्याची आहे का हाताने पुन्हा घातलेली. लेबलावर बनवल्याची तारीख आहे का. एक-दीड महिन्याच्या आतलं असेल तर घ्या, जीवनसत्त्वं तशीही बसून राहत नाहीत. पोत्याच्या चारी कोपऱ्यांना हाताने दाबायचं, कुठे गठ्ठा लागला तर दुसरं मागायचं. लेबलावर प्रथिनं, तंतू, ओलावा लिहिलेला असतो. ओलावा 11 टक्क्यांच्या आत हवा. कॅल्शियमचा आकडा असेल तर तो आधी वाचा, दुकानदाराने तोंडाने काय सांगितलं त्यापेक्षा तो आकडा खरा. सुट्टं खाद्य मी घेत नाही. पत्र्याच्या डब्यातून पाच किलो काढून देतात, त्याला ना तारीख ना नाव, आणि लेअरच्या डब्यात आदल्या दिवशी बॉयलरचं होतं का हे देवाला ठाऊक.

घरी आमच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात भिंतींना ओल येते. पोतं उघडलं की मी पत्र्याच्या झाकणाच्या पिंपात ओतते, खाली दोन विटा. उंदीर, मुंग्या, ओल, तिन्हींचा बंदोबस्त. पिंप रिकामं झाल्याशिवाय नवं ओतायचं नाही, तळाचं जुनं राहून तेच आधी बिघडतं.

खाद्य बदलताना एकदम बदलू नका, आठवडाभर जुन्यात मिसळत न्या, नाहीतर अंड्यावरच्या रुसतात.

थोडक्यात कुणी काय घ्यावं? फक्त अंड्यावरच्या कोंबड्या असतील तर बिनदिक्कत लेअर. दोन महिन्यांच्या पुढच्या तलंगा, कोंबडे आणि अंड्यावरच्या एकत्र असतील तर ग्रोवर आणि शिंपला. पिल्लं असतील तर चिक आणि शिंपला, किंवा डालग्याखाली चिक आणि बाहेर ग्रोवर. ज्यांना ग्रोवर मिळतच नाही त्यांनी लेअर घेण्यापेक्षा चिकमध्ये अख्खा मका-ज्वारी थोडी जास्त टाकावी. सगळ्यात वाईट निवड म्हणजे पिल्लं हिंडत असताना लेअर.

आखाडात आमचे कोंबडे जातात, तेव्हा खाणारी तोंडं एकदम कमी होतात. श्रावणात अंडी विकायची थांबतात पण खाद्य थांबत नाही, म्हणून तेव्हा मी दोनऐवजी एकच पोतं मागवते. आत्ता एक खुडूक अकरा अंड्यांवर बसली आहे, शनिवारी 21 दिवस भरतील. दुकानात फोन करून ठेवलाय. गाडी गुरुवारी येते म्हणाला. चिक क्रंबल एक, ग्रोवर पेलेट एक, शिंपला पाच किलो.